कोकणात रानफुलं पाहायला जाताय? पहिले जागा ओळखा, मग फूल

आपल्या नागपूरकडचे बहुतेक लोक कोकणात जातात ते दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत, बीच पाहतात, मासे खातात, आणि मग व्हॉट्सअॅपवर एका फुलाचा एकदम जवळून काढलेला फोटो येऊन पडतो, खाली लिहिलेलं असते "हे काय आहे?" बस. पान दिसत नाही, खोड दिसत नाही, वाळूत उगवलं होतं की चिखलात तेही माहीत नाही. अशा फोटोवरून ओळखणारा तरी काय डोंबल ओळखणार! समुद्राजवळची झाडं ओळखायची असतील तर पहिला प्रश्न फुलाचा रंग कोणता हा नाही, आपण उभे कुठे आहोत हा आहे. वाळूवर, खाडीच्या चिखलात, कातळावर की वाडीतल्या दगडी गडग्याजवळ? एवढं नीट सांगता आलं की अर्धं नाव तिथेच भेटते, कारण किनाऱ्यावर मीठ ठरवते कोण कुठे राहील ते.

हे आपल्याला लवकर लक्षात येत नाही कारण आपल्याकडे दहा किलोमीटर गेलं तरी तीच काळी माती, तोच साग, तोच पळस. गोरेवाड्यात जे दिसते ते थोड्याफार फरकाने पेंचच्या रस्त्यावरही दिसते. कोकणात मात्र समुद्राकडून पाठ फिरवून गावाकडे चालायला लागा, एका किलोमीटरच्या आत चार वेगळे मुक्काम लागतात आणि चारही ठिकाणची मंडळी एकमेकांच्या घरी सहसा जात नाहीत.

सुरुवात पुळणीपासून करा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापासून, कारण ती सगळ्यात सोपी. भरतीचं पाणी जिथपर्यंत येते त्या रेषेच्या वर, जिथे वाळू कोरडी आणि भुसभुशीत होते तिथे जमिनीवर पसरलेली मर्यादवेल दिसेल. पान मधोमध चिरलेलं, आपट्याच्या पानाची आठवण येईल असं, पण जाड आणि चकचकीत. फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखं. नागपूरच्या माणसाला हे फूल पाहून लगेच नाल्याकाठचा बेशरम आठवतो आणि ते बरोबरच आहे, दोघंही एकाच कुळातले नाही फक्त, एकाच प्रजातीतले, आयपोमिया. फरक एवढाच की बेशरम बाहेरून आलेला पाहुणा आहे आणि मर्यादवेल या किनाऱ्याची हक्काची. तिचं एक काम नीट वाकून पाहा, वाळू हलकेच बाजूला करा (उपटू नका) तर दिसेल की खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला खाली मुळं सुटलेली आहेत, त्यामुळे वारा वाळू उडवतो तेव्हा वेल वाळूला धरून बसते आणि हळूहळू तिथे वाळूची टेकडी तयार होते. फुलं सकाळी उमलतात आणि दिवसभरात मिटतात, म्हणून नाश्ता करून अकराला आरामात निघालात तर मलूल फुलांचे फोटो घेऊन याल. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा.

त्याच वाळूत पाथरीसारखं पिवळं फूल दिसलं तर ते पाथरीचंच भावंड असू शकते, लोनिया सारमेंटोसा, पानांचा झुपका जमिनीला चिकटलेला आणि त्यातून लांब धागे निघून पुढे दुसरा झुपका. शेतातली पाथरी आपल्याला माहीत आहे, भाजी करतात, ही मात्र वाळूतली. मग टोकदार, टोचणाऱ्या पानांचं स्पिनिफेक्स नावाचं गवत, त्याच्यात नर झाड वेगळं मादी झाड वेगळं, मादीचा काटेरी गोळा सुटून वाऱ्याने वाळूवरून गडगडत जातो. पोट्टे त्याच्यामागे धावतात, धावू द्या, पण पायात चप्पल असू द्या. गवताचं फूल म्हणजे फूलच असते, नाकारू नका.

आणि हो, किनाऱ्यावर जे सुरूचं बन दिसते ना, ज्याच्याखाली सगळे डबे उघडून बसतात, ते लावलेलं आहे. सुरूच्या गळलेल्या काड्यांच्या गादीखाली फारसं काही उगवत नाही. रानफुलं शोधायची तर बनाच्या बाहेर, उघड्या वाळूवर शोधा. बनाच्या मागे जुनी उंडीची झाडं भेटली तर मात्र थांबा. पांढरी, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असलेली सुवासिक फुलं, पान इतकं चकचकीत की पॉलिश केल्यासारखं आणि त्यातल्या शिरा एकमेकींना समांतर, अगदी दाट. त्याच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात आणि होड्यांना लावायला वापरायचे.

आता दुसरा मुक्काम, खाडी. इथे नागपूरकर गडबडतो कारण भरती-ओहोटी हा विषय आपल्या आयुष्यात कधी आलेलाच नसतो, अंबाझरीचं पाणी दिवसातून दोनदा खालीवर होत नाही. खारफुटी, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात उगवणारी झाडं, पाहायची तर ओहोटीला, आणि ओहोटी कधी ते मोबाईलशिवायही काढता येते. कोळी मंडळींचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला आठ पाऊणे सहा, ओहोटी दुपारी बाराला. पुनवेनंतर आणि अवसेनंतर मोजणी परत प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते पण प्लॅन करायला पुरते. त्यामुळे जायच्या तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तृतीया-चतुर्थी बघा, सकाळची ओहोटी बरोबर कामाच्या वेळेला येते. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही, तेव्हा चिखलात फार आत जाऊ नका, परतीचं पाणी कधी पायाशी आलं ते कळत नाही. अचूक वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक नेटवर भेटतेच, आणि त्याहून चांगलं म्हणजे गावातल्या एखाद्या काकांना विचारा.

खारफुटीत फुलं शोधण्याआधी मुळं पाहा, हे माझं ठाम मत आहे, कारण फुलं असतील-नसतील, मुळं बाराही महिने असतात. चिखलातून पेन्सिलीसारख्या बारीक काड्या उभ्या असतील तर तिवर. त्याच्यापेक्षा जाड, खाली रुंद वर निमुळते खुंट असतील तर चिप्पी. आणि खोडातूनच कमानी निघून चिखलात रोवलेल्या असतील, झाड जणू टेकू लावून उभं आहे, तर कांदळ. तिवराचं पान उलटं करून पाहा, मागची बाजू पांढुरकी असते, कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण दिसतात, जिभेला लावले तर खारट लागतात कारण हे झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकते. फुलं बारीक, पिवळी-केशरी, झुबक्यात, मधमाश्यांची गर्दी असते त्यावर. कांदळाची फुलं फिक्कट, जाड चामड्यासारखी, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही, सगळे पाहतात त्याच्या लांब हिरव्या शेंगा, ज्या खरं म्हणजे शेंगा नाहीतच, झाडावरच बी रुजून आलेला कोंब आहे तो, तयार झाला की खाली चिखलात पडून उभा राहतो नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतो.

चिप्पी म्हणजे सोनरेशिया अल्बा, महाराष्ट्राने २०२० मध्ये हिला राज्य कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष जाहीर केलं. हिचं फूल संध्याकाळनंतर उमलते, पांढऱ्या पुंकेसरांचा मोठा झुबका, रात्री वटवाघळं येतात मध प्यायला, आणि सकाळपर्यंत पुंकेसर गळून जातात. म्हणून सकाळी होडीतून जाताना झाडाखाली चिखलात पांढरे धागे पडलेले दिसले की वर पाहा, फळही ओळखण्यासारखं असते, खाली चांदणीच्या आकाराची हिरवी बैठक आणि वर लांब शेपटी. खाडीच्या वरच्या बाजूला, जिथे गोडं पाणी मिसळते तिथे मारांडी, कंबरेएवढं झुडूप, पानाला काटे, फूल निळं-जांभळं आणि एकाच बाजूला ओठ असलेलं, मार्च ते जूनच्या दरम्यान बहर चांगला असतो. ही खारफुटीतली सगळ्यात देखणी, असं आपलं मला वाटते. तिथेच कडेला पांढरी फुलं आणि त्यातून बाहेर आलेले लांब जांभळट पुंकेसर असलेलं झुडूप दिसेल, ते ओळखीचं वाटलं तर नवल नाही, आपल्याकडे कुंपणाला लावतात ती कोयनेल, हिचं मूळ घर हे खाडीकाठचं. कुंपणाला सारखी कात्री चालते म्हणून तिथे फुलं कमीच दिसतात.

एका झाडापासून लांब. गेवा. पानं तोडली की पांढरा चीक निघतो, डोळ्यात गेला तर डोळ्याला जबर इजा होऊ शकते, कातडीवर फोड येतात. गळायच्या आधी पानं लालबुंद होतात त्यामुळे फोटोसाठी हात जातोच, तर पाहा, फोटो काढा, तोडू नका. तसंही खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे, मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश आहेत, त्यामुळे "एक फांदी घेतली तर काय होते" हे तिथे चालत नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर एकटे चिखलात शिरू नका. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवतात आणि झाडं नावानिशी सांगतात, असं शिकायला भेटते की कोणतं अॅप सांगणार नाही. मुंबईत काही काम असेल तर ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र पाहून घ्या, तिथे लाकडी पायवाटेवरून बूट न भिजवता खारफुटी जवळून दिसते.

तिसरा मुक्काम हा खरा खजिना, सडा. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यात समुद्राच्या वर टेबलासारखी सपाट, काळपट-तांबड्या जांभ्या दगडाची पठारं आहेत त्याला सडा म्हणतात. मे महिन्यात पाहाल तर म्हणाल इथे काय आहे, आपलं नवतप्यातलं डांबर परवडलं. माती जेमतेम बोटभर, तीही खड्ड्याखुड्ड्यांत. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे हजार-अकराशेच्या आसपास, तर हे सगळं पाणी या कातळावर पातळ थरात साचते, वाहते, झिरपते आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी मजला बदलल्यासारखी फुलं बदलतात. म्हणून "सड्यावर फुलं कधी असतात" या प्रश्नाला एक उत्तर नाही, तुम्हाला कोणतं पाहायचं ते आधी सांगा.

पहिला पाऊस पडून सडा भिजला की जूनच्या शेवटी-जुलैत दीपकाडी. लांब दांड्यावर पांढरी शुभ्र फुलं, पान गवतासारखं, खाली कांदा. ही कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरची खास आणि दुर्मीळ वनस्पती आहे, शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकाडी कॉन्कनेन्स. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर दिसते, तीही थोडे दिवस. काळी मुसळीची पिवळी चांदणी, पांढरी मुसळी हेही याच दिवसांत. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी साचलेल्या उथळ भागात गेंद येतो, दांडीवर बसवलेली पांढरी गोल बटणं, हजारोंनी, आणि त्याच्याच पायाशी निळी-जांभळी सीतेची आसवं. इथे गुडघे टेकून बसा, खरंच बसा, कारण उभ्याने हे दिसत नाही. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे, जमिनीखाली ओल्या मातीत तिला बारीक फुगे असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी दवबिंदू असेल, पानावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर बसलेली चिलटं तिथेच राहतात. दोन्ही इथेच का, तर या मातीत नायट्रोजन फार कमी, जे मातीत भेटत नाही ते किड्यांतून काढायचं. भिंग असेल तर न्या, नसेल तर मोबाईलचा मॅक्रो मोड चालते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कवला, पिवळं फूल आणि त्यावर दोन लाल ठिपके, त्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, म्हणू द्या. तुतारी नावाचं पांढरं, लांब नळीचं फूल संध्याकाळी उमलते पतंगांसाठी, दिसायला सोज्वळ पण गवताच्या मुळातून अर्धं जेवण चोरणारं. दिवाळीपर्यंत गवत वाळते आणि सडा परत काळा. म्हणजे आपली सुट्टी लागते तेव्हा सड्याचा सीझन संपलेला असतो, हे लक्षात घेऊनच रजा टाका.

सड्यावर चालण्याची पण पद्धत आहे. ओला जांभा शेवाळाने इतका गुळगुळीत होतो की चांगला ग्रिपवाला बूट नसेल तर डोकं फुटायचं. फुरसं नावाचा छोटा विषारी साप कोकणात भरपूर, दगडाखाली राहतो, म्हणून दगड उचलून पाहायचं नाही आणि हात न पाहता टेकवायचा नाही. गेंदाच्या गालिच्यात मधोमध जाऊन रील काढणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही, तोंडात जे येते ते छापण्यासारखं नाही. कडेच्या उघड्या कातळावरून चाला, पण तिथेही खाली पाहून, कारण उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे अशा ठिकाणी याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. फुलाच्या नादात हत्तीच्या चित्रावर उभं राहू नका. आणि बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, कुंपण नसलं तरी. जवळच्या वाडीत जाऊन विचारायचं. सिंधुदुर्गात गेलात तर पहिला प्रश्न येईल "खंयसून इलात?" नागपूर म्हटलं की कौतुकाने बसवतातच, मग आजीला विचारा, मावशीला विचारायला लाजू नका, कोणत्या चढावर काय फुलते ते त्यांना पाठ असते.

चौथा मुक्काम पटकन सांगतो, गडगे आणि पाणंदी, म्हणजे दगडी बांध आणि त्यामधल्या वाटा. इथे तेरडा, कुर्डू, टाकळा (आपला तरोटा) हे ओळखीचे चेहरे भेटतात. पावसाळ्यात ओलसर उतारावर पेव, लाल शंकूतून निघालेलं कागदासारखं पांढरं फूल, पानं दांड्याभोवती जिन्यासारखी गोल फिरत वर गेलेली. कळलावी तर आपल्याकडेही आहे, लाल-पिवळ्या ज्वाळा, पानाच्या टोकाला वळलेला आकडा, सगळं झाड विषारी आणि कंद सगळ्यात जास्त, पोरांना हात लावू देऊ नका. उन्हाळ्यात जात असाल तर हिरमुसू नका, फेब्रुवारी-मार्चात वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगी फुलते, फांदीलाच चिकटून, वासाने झाड सापडते, तिचे वळेसर (गजरे) बाजारात विकायला येतात. आणि अंजनी, फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. एक सांगून ठेवतो, आपल्याकडे अंजन म्हटलं की शेंगांचं मोठं झाड, तिकडची अंजनी एकदम वेगळी, म्हणून वहीत गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा.

आता फोटो. एका झाडाचे सहा-सात तरी घ्या, फूल समोरून, फूल बाजूने, फुलाची मागची बाजू (पाकळ्यांखालची हिरवी वाटी बरंच काही सांगते), पान वरून, पान खालून, पूर्ण झाड, आणि शेवटी चार पावलं मागे जाऊन आजूबाजूची जागा. हा शेवटचा फोटो कोणी काढत नाही आणि नेमका तोच कामाचा. शेजारी पेन ठेवा मापासाठी. वेळ आपोआप नोंदते पण भरती होती की ओहोटी, फूल उघडं होतं की मिटलेलं, वास होता का, हे दोन ओळींत लिहा किंवा व्हॉइस नोट करा, पावसात वही ओली होते. गूगल लेन्स मर्यादवेल बरोबर सांगते पण सड्यावरच्या गेंदाच्या जाती सांगायला लागली की विश्वास ठेवू नका, त्या जातींत फरक इतके बारीक की अभ्यासकही भिंगाखाली पाहून ठरवतात. आयनॅचरलिस्ट या अॅपवर टाका, तिथे जाणकार लोक तपासतात. दीपकाडीसारखं दुर्मीळ काही टाकत असाल तर लोकेशन लपवायचा पर्याय चालू करा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या.

जायचं कसं, तर नागपूरवरून मडगावला जाणारी स्पेशल ट्रेन असते, रत्नागिरी-कुडाळवरून जाते, पण रोज नाही, ठराविक वारीच आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबलही वेगळं असते, म्हणून जूननंतरचं बुकिंग करताना नवीन वेळा बघूनच करा. ती नाही जमली तर मुंबई-पनवेलला जाऊन तिथून पुढची गाडी पकडा. सोबत रेनकोट, छत्रीच्या भरवशावर राहू नका, तिकडचा वारा नागपुरी छत्री पहिल्या दिवशीच उलटी करते. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी, जास्तीचे मोजे, पॉवर बँक. आणि चार दिवस असतील तर दोन दिवस सड्याला द्या, एक सकाळ खाडीला तिथी पाहून, एक सकाळ पुळणीला, गडगे तर येता-जाता दिसतातच.